आधी आनप्पारा, मग विक्री

— नाही नाही, ते खोकं उघडू नका. बघायचं असेल तर हा एक शॅकल बाहेर काढून ठेवलाय, हा हातात घ्या, वजन बघा, पण खोकी गाडीत टाकायची नाहीत अजून. रागावू नका, मोने — माझ्या जोबीच्याच वयाचे दिसता, म्हणून पोरासारखं मोने म्हणते — तुम्ही एर्नाकुळमहून अंधारात निघालात, घाटात धुकं लागलं, दुपारच्या आत खाली उतरायचंय, सगळं मघाशी सांगितलंत आणि सगळं मी ऐकलं. पण या दुकानाचा एक नियम आहे. आमच्याकडं बनलेला कुठलाही नवा पार्ट आधी घरातल्या माणसानं आपल्याच जीपला लावायचा आणि आनप्पारा चढायचा — हा इथं मागं, वेलदोड्याच्या मळ्यापलीकडं उघडा खडक आहे ना, खडा चढ, तो. गाडी वर जाऊन धड खाली आली, पार्ट धड राहिला, की मग विक्री. त्याआधी बिशप आले तरी नाही. कुणी केला नियम? मीच केला, या एलियाम्मानं. आणि सुरू झालंय की, ऐकू येत नाही का तुम्हाला — ती घरघर? ती आमचीच जीप. अजून खाली ओढ्याच्या चिखलात आहे. बसा, तो स्टूल घ्या.

कॉफी घ्या तोवर. काळीच आहे, दूधवालाही सणाला गेलाय. संत सेबास्टियनचा सण ना आज, अख्खं गाव चर्चवर लोटलंय, हे फटाके तिकडचेच. बँडही लावलाय मेल्यांनी. एरवी मला बँड आवडतो, पण आज मला इंजिन ऐकायचंय आणि हे ढोल बडवतायत. नाही, बाहेर जाऊन काही दिसणार नाही, मध्ये झाडं आहेत आणि वर हे धुकं. बघायला कशाला लागतं? इतकी वर्षं या काउंटरला बसलेय, मी नुसतं ऐकून सांगते गाडी कुठं आहे. आत्ता — ऐका — आवाज दबला. छोट्या गिअरमध्ये घातली. बरोबर केलं. चिखलात घाई करायची नसते, जोबी तिथंच नेहमी घाई करतो आणि रुततो.

जोबी? नाही हो, जोबी कुठला. तो कट्टप्पनाला दवाखान्यात गेलाय पहिल्या बसनं, हाताचं प्लास्टर दाखवायला. मागच्या महिन्यात पाला गावच्या जीपशर्यतीत हात मोडून आला ना. चालवतेय ती माझी सून, जिन्सी. — तोंड वाकडं कशाला केलंत असं? बाई चालवते म्हणून? मलाही काही फार आवडतं असं नाही. पण चालवते ती. वाईट नाही चालवत. म्हणजे, चांगली चालवते असं मी म्हणणार नाही, माझं तोंड आहे ते, सहज कुणाला चांगलं म्हणत नाही. कॉफी गोड झाली का? गुळाची आहे.

धंदा कसला, आधी तो नुसता नाद होता. वर्की — माझा नवरा — गेला आणि मळा जोबीच्या हातात आला, तर पोरानं पहिलं काय केलं असेल? मळ्याची जुनी जीप, जिच्यातून आम्ही पोती आणि कामाच्या बाया न्यायचो, तिला हे एवढाले टायर लावले. कशाला? तर चिखलात रुतायला. मी म्हटलं, अरे, रस्ता आहे की समोर. तर म्हणे, रस्त्यानं कुणीही जातं. मग दर रविवारी चर्चमधला मिस्सा बुडवायचा आणि कुठल्या तरी ओढ्यात नाहीतर कुठल्या तरी बंद पडलेल्या खाणीत जाऊन पडायचं, आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या जीपला बांधून घरी यायचं. दर वेळी काहीतरी मोडलेलं. ते इथं मिळायचं नाही, कोइंबतूरहून मागवायला महिना जायचा. म्हणून मग या भट्टीत — हो, ही आमची वेलदोडे वाळवायची भट्टी, तुम्ही बसलात तिथं जाळ्या होत्या, भिंतीला नाक लावलंत तर अजून वास येईल — इथं वेल्डिंगचं मशीन आणून स्वतःच करायला लागला. ते बघून मित्र आले. जोबी, एक मला कर. जोबी, मलापण. हा वेडा करून द्यायचा आणि वर त्यांना कप्प्याचे उकडलेले कंद आणि बीफ खाऊ घालायचा, तेही मी रांधलेलं. एक दिवस मी म्हटलं, मोडायला मळ्याचे पैसे घालतोस ना, मग जोडायचे तरी पैसे घे. झालं दुकान.

आणि नियम का केला, तेही ऐका, म्हणजे उगाच म्हातारी अडून बसलीय असं वाटायचं नाही. तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे सगळी विशीतली पोरं. बापाच्या जीवावर जीप घेतलेली. मी त्यांच्या आयांना ओळखते हो, चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर त्याच असतात. मी जोबीला म्हटलं, उद्या यातल्या एकाची गाडी उलटली तर त्याच्या आईच्या मागं मी गुडघे कसे टेकायचे? जे तू स्वतःच्या बुडाखाली लावणार नाहीस ते दुसऱ्याच्या पोराला विकायचं नाही. आधी घरातल्या माणसानं आनप्पारा चढायचा. घरातल्याच का? कारण पगारी माणूस खोटं बोलेल, मित्र भिडेखातर बरं म्हणेल. पण घरातलं माणूस त्या खडकावर असलं की मी इथं बसलेली असते, कान लावून. मग पार्ट नीट झाल्याशिवाय मी कुणाला चढू देईन का? तो नियम पार्टासाठी नाही, खरं सांगायचं तर माझ्यासाठीच आहे. — हे मात्र कुणाला बोलले नव्हते मी आजवर.

थांबा. हं. चिखलातून निघाली. आता वळण आहे, तिथं पाण्याची पन्हळ आडवी जाते, पुढची चाकं त्यात उतरवून तिरकी काढावी लागते. ऐका, आता आवाज वरखाली होईल. झाला? बघा. काढली. सरळ घातली असती तर तिथंच अडकली असती. कुणी शिकवलं तिला? जोबीनं नाही. जोबीला विचारलं तर म्हणतो, ती माझ्यापेक्षा बरी चालवते, अम्मा, तिला घाई नसते. नवऱ्यानं बायकोबद्दल असं बोलायचं का दुसऱ्यांसमोर? पण बोलतो. घड्याळात बघू नका हो सारखं, माझ्या जीवाला लागतं ते.

जिन्सीचं सांगू का? जोबी आर्थुंगलला गेला होता, समुद्रावर, बोटीचा दोर आणायला. चिखलातून जीप ओढायला त्या दोरासारखा दुसरा दोर नाही. तर गेला दोर आणायला आणि पुढच्या पावसाळ्याआधी दोरवाल्याची पोरगीच घेऊन आला. आम्ही सुरियानी ख्रिस्ती, तुम्हीही आमच्यातलेच, नावावरून कळलं मला. ती लॅटिन पंथाची. कोळ्यांची. माझी धाकटी जाऊ लग्नात जेवलीसुद्धा नाही. मी जेवले. मी तेवढी वाईट नाही. पण एकदम कसं काय कुणाला घरातलं म्हणायचं, तुम्हीच सांगा — माशाचा रस्सा ती वेगळा करते, प्रार्थना वेगळ्या सुरात म्हणते, चपला दारात कशाही काढते. मागच्या वर्षी याच सणाला चर्चमधून बाण आला घरी, सेबास्टियनला बाण मारले होते ना, त्याची खूण, चांदीचा, तबकात घालून आणतात, घरच्या बाईनं तो घ्यायचा आणि प्रत्येक खोलीतून फिरवायचा. ती डोक्यावर ओढणी घेऊन पुढं झाली होती. मी तिच्या हातातून तबक घेतलं. नुसतं काढून घेतलं. सेबास्टियन तिच्याकडचाही तोच की, आर्थुंगलला तर केवढं मोठं चर्च आहे त्याचं. ती ओढणी उतरवून मागं सरली. ती बोलतच नाही, हाच तर ताप आहे. चांगली कडाकडा भांडली असती तर तिथल्या तिथं मिटलं असतं. पण नाही. खाली मान घालून जीपखाली जाऊन झोपली, म्हणजे काम करायला, आणि जेवायला आलीच नाही. जाऊ दे. तुम्ही शॅकल घ्यायला आलात आणि मी काय घेऊन बसले.

हा बघा, नीट धरा. स्प्रिंगच्या पाट्याचं टोक गाडीच्या सांगाड्याला लटकतं ते या दोन पट्ट्यांवर. मूळचा असतो आखूड. जोबी लांब करतो, म्हणजे गाडी उंच होते, पोट खडकाला घासत नाही. एवढंसं काम. पण खड्या चढावर तुटला तर चाक जागचं सरकतं, आणि चाक सरकलं की गाडी आडवी होते, आणि आनप्पाऱ्यावर गाडी आडवी झाली तर — ते राहू दे. जोबीचे शॅकल तुटत नाहीत. वाकतात. मऊ लोखंडाचे करतो ना. लोक परत आणायचे, वाकला म्हणून कटकट करायचे, मी काउंटरला बसणारी, शिव्या मला. आणि मग तुमचा फोन. तुम्हीच नाही का म्हणालात, न वाकणारे असतील तर तीस जोड आत्ता घेतो आणि पुढं दर महिन्याला घेतो, एर्नाकुळमला माझ्या दुकानात ठेवतो? दर महिन्याला. मला दोन रात्री झोप नाही आली आनंदानं. जोबीचा हात प्लास्टरमध्ये. मग मीच गेले राघवनकडं.

राघवन म्हणजे आमचा लोहार. मळ्याचे कोयते त्याचेच. तो खुंटीला लावलेला बघा, माझा कोयता, लग्न होऊन आले तेव्हाचा, त्याच्या बापानं केलेला. किती झाडोरा तोडला असेल त्यानं, पण एवढासा वाकला नाही. लॉरीच्या जुन्या पाट्याचं लोखंड, लालभडक तापवून पाण्यात बुडवलेलं. मी म्हटलं, राघवा, हेच लोखंड घे आणि असंच पाणी दे, बघू कसा वाकतो ते. तो म्हणाला, अम्मच्ची, हे जीपचं काम आहे, जोबीला एकदा विचारू या. मी म्हटलं, जोबी कालचा पोरगा, कोयता मला कळतो. — हो, मीच सांगितलं. नाही, जोबीला माहीत नाही. काळा रंग मारल्यावर सगळे सारखेच दिसतात. त्याला वाटतंय नेहमीसारखेच आहेत, फक्त जाड. काल राघवननं जीपला लावून ठेवले, आणि आज सकाळी बसनं जाताना पोरगा बजावून गेला, मी येईपर्यंत चढवू नका.

पण तुम्ही आलात ना. आलात आणि म्हणालात, दुपारपर्यंत नाही जमलं तर तोडुपुळ्याला दुसरा एकजण आहे. मग तुम्ही बाहेर फोनवर बोलत होतात तेव्हा माझं आणि जिन्सीचं वाजलं. तिनं यातला एक उचलला, या फरशीवर आपटला. टणटण वाजला. म्हणाली, अम्मच्ची, हा नाही वाकणार, हा तुटेल. आमच्याकडं बोटीच्या नांगराला असं पाणी देत नाहीत, नांगराला वाकू द्यावं लागतं, नाहीतर पहिल्या मोठ्या लाटेला मोडतो. जोबीला येऊ दे. — वर्षभरात एवढं मोठं वाक्य ती पहिल्यांदा बोलली माझ्याशी. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, इथं समुद्र नाही. आणि गिऱ्हाईक दारात उभं आहे. ती म्हणाली, मग चढवणार कोण? आणि मी — काही वाईट नाही हो बोलले. नियमच सांगितला. म्हटलं, नियम घरातल्या माणसाचा आहे. घरातलं कुणी असेल तर चढेल.

एवढंच म्हटलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि खिळ्यावरची चावी घेतली. तुमच्यासमोरूनच गेली की, तुम्ही हसून बाजूला झालात. मी थांबवायला पाहिजे होतं, नाही का? मी तोंड उघडलंही होतं. पण तुम्ही आत आलात आणि विचारलंत, किती वेळ लागेल, आणि मी म्हटलं, झालंच. झालंच, असं म्हटलं मी. तिला वाटतंय तो तुटेल, आणि तरी ती गेली. कुणी तिच्याबरोबर उभंही नाही तिथं, चाकाला दगड लावायला, हातानं वाट दाखवायला, सगळे चर्चवर. शू. बँड थांबला वाटतं. ऐका.

खडकावर आली. हा आवाज वेगळा, चिखलातला असा नसतो, हा कोरडा, पोकळ. आता सगळं वजन मागच्या चाकांवर, मागच्या शॅकलवर. सावकाश. सावकाश, पोरी. एका दमात नाही, जोबीसारखं दणकून नाही — हं, असं. ऐकताय ना? एक सूर धरून आहे. एक सूर राहिला की समजायचं ठीक आहे. मधला टप्पा गेला. आता वर एक पायरी आहे, गुडघ्याएवढी, तेवढी चढली की झालं, पुढं सपाट आहे, पुढं गवत आहे. पायरीला आली. जोर लावतेय. पुढची चाकं चढली. आता मागची. आता —

काय होतं ते? फटाका होता. होता ना फटाका? चर्चकडून आला का आवाज? तुम्हाला कुठून आला असं वाटलं? नाही, मला मागून नाही वाटला. फटाकाच तो. कथिना, ते लोखंडी नळीतले बार, उडवतात ना, असाच टण्ण — नाही. कथिना टण्ण वाजत नाही.

इंजिन बंद झालं.

नाही, तुम्ही उठू नका. उठा. नको, बसा, तुम्हाला वाट कळायची नाही त्या झाडांतून. मीच जाते. मी — नको, त्या पाचोळ्यातून गेले तर ऐकू यायचं नाही हो. काही उलटल्याचा आवाज नाही आला, हो ना? गाडी उलटली तर आवाज येतो, पत्र्याचा, खूप वेळ येत राहतो, मला माहीत आहे, नेदुंकंडमच्या पोराची उलटली होती तेव्हा इथवर आला होता. तो नाही आला. म्हणजे उभी आहे. उभी आहे आणि बंद पडलीय, त्या पायरीवर, मागं सगळा उतार. जिन्सी, ब्रेक. ब्रेकवरचा पाय काढू नकोस, बाळा. घाबरून क्लच दाबून ठेवलास तर गाडी मागं सुटेल, मग कुणाच्या हातात राहत नाही. जोबी सगळ्यांना हेच सांगतो, बंद पडली तर वर बघायचंच नाही, ब्रेक धरायचा, रिव्हर्स टाकायचा, क्लच सोडून द्यायचा आणि तशीच चावी मारायची. गाडी गिअरमध्येच सुरू झाली पाहिजे. वळवायची नाही. वळवलीस तर संपलं. सरळ, आलीस तशी, उलटी. तुला माहीत आहे हे. तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, मी काय, मी नुसती ऐकणारी. चावी मार. का मारत नाही ही चावी? का मारत नाही?

देवा, मला नको ते तीस जोड. मला काही नको. मला ती हवी आहे. ऐकलंत का तुम्ही? मला ती पोरगी घरात हवी आहे, चपला कशाही काढू दे.

— ते काय? स्टार्टर. स्टार्टर मारतेय. परत मार. मार. लागली. लागली हो. आता सोडू नकोस. ऐका, ऐका, हा रिव्हर्सचा आवाज, असा रडका असतो तो. उलटी उतरतेय. सरळ उतरतेय. खडखडतंय काहीतरी मागं, पाटा लोंबकळत असेल सांगाड्यावर, म्हणजे तुटलाच. तुटला आणि तरी तिनं गाडी आडवी होऊ दिली नाही. एका शॅकलवर धरून आणतेय आनप्पाऱ्यावरून. जोबीनं कधी आणली असती का अशी, मला नाही वाटत. बोलू नका, जरा बोलू नका माझ्याशी. वळण. पन्हळ. चिखल. आली. खाली आली.

माझा कप कुठं ठेवला मी? हा तर तुमचाच उचलला मी. तुम्हाला हसू येत असेल. येऊ दे. मी सकाळपासून इथं बसून त्या पोरीला मारून टाकत होते आणि तुम्हाला कॉफी पाजत होते.

ये. ये गं, आत ये. लागलं का कुठं? अंगठा बघू. स्टिअरिंगनं झटका दिला ना. उलटा नाही ना झाला? हलव. हं. बस इथं, माझ्या खुर्चीत बस, स्टुलावर हे बसलेत. दाखव काय आणलंस हातात. — बघा, बघा तुम्हीही, ये म्हणते तर पार्ट घेऊन आली आधी. सरळ तुटलाय. वाकलाच नाही जराही, बांगडी फुटते तसा फुटलाय. आतलं लोखंड बघा, साखरेसारखं चमकतंय. बरोबर होतं तुझं. नांगराचं बरोबर होतं. मी चुकले, जिन्सी. मी लोखंडातही चुकले आणि बोलण्यातही. काय म्हणतेस? मोठ्यानं बोल. — विकू नका म्हणतेस. एकही नको. राघवनला परत देऊन टाका म्हणतेस. बरं.

— तुम्ही काय म्हणालात, साहेब? परत म्हणा. बाईच्या हातात दिली म्हणून तुटला? एक तुटला म्हणून काय झालं, बाकीचे द्या, इथं तुटला ते एर्नाकुळमला कुणाला कळणार आहे? मी हेच बोलले असते हो सकाळी. असंच, याच्याहून वाईट बोलले असते, म्हणून मला तुमचा राग येतोय आणि माझाही येतोय. त्या पायरीवर जी गाडी तिनं धरली ती तुम्ही धरून दाखवा, मग बोला. नाही, खोक्यावरचा हात काढा. काढा म्हणते ना. एर्नाकुळमला तुमच्या गिऱ्हाइकांनाही आया असतील. तोडुपुळ्याला जा, बंगळूरला जा, जो देईल त्याच्याकडून घ्या, या दुकानातून हे लोखंड बाहेर जाणार नाही. काय? विचार करा? दर महिन्याचं गिऱ्हाईक? केला विचार. मघाशी केला, तुमच्यासमोरच केला.

आमच्या घरातल्या माणसानं आनप्पारा चढून सांगितलंय, विकायचा नाही. संपलं. उठा. आणि जाताना तेवढं दार ओढून घ्या, साहेब. वर्षभर डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं पोरीनं, आत्ता रडतेय. आमच्या घरचं रडणं आहे ते, रस्त्यानं बघायला नको.